इंजिनाची डावी बाजू

चष्मेवाल्यांच्या इंजिनाची उजवी बाजू पूर्ण झाली, आणि मग एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या लक्षात आलं की डाव्या बाजूबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. ब्रश तोंडातच राहिला.

इंजिन म्हणजे अर्थात खरं नव्हे. पितळी पत्र्याचं, हातभर लांबीचं, वाफेच्या जुन्या इंजिनाचं छोटं रूप. दिवसभर दुकानात चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळून झाले की हे गृहस्थ घरी येऊन त्याहून बारीक स्क्रू पिळायला बसत. बायको म्हणे, "इतर लोकांना कामाचा कंटाळा येतो तेव्हा ते काम थांबवतात." पण चष्मेवाल्यांना त्यात सुख होतं. सुख म्हणण्यापेक्षा काळजी म्हणू. त्यांना प्रत्येक गोष्टीची काळजी वाटायची, आणि एवढी काळजी खर्च करायला इंजिनासारखी दुसरी जागा नव्हती. शिट्टी इथे की तिथे, शिडीला पायऱ्या किती, धुराड्याची कड गोल की चपटी. एकेका प्रश्नात महिना सहज जिरत असे.

ज्या इंजिनावरून ते हे करत होते, ते शहरातच, रेल्वेच्या कार्यालयाच्या आवारात एका चौथऱ्यावर उभं होतं. लोक सुट्टीच्या दिवशी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. सगळे उजव्या बाजूने. कारण डावी बाजू कार्यालयाच्या भिंतीला इतकी खेटून होती की मध्ये मांजर शिरलं तरी विचार करून शिरेल. कारखान्याचा जुना आराखडा चष्मेवाल्यांनी मिळवला होता, तर त्या भल्या माणसांनीही उजवीच बाजू काढलेली. जगात डाव्या बाजूची कुणाला पर्वाच नव्हती.

पर्वा एकट्या दातांच्या डॉक्टरांना होती. हे डॉक्टर छोट्या इंजिनांच्या मंडळाचे चिटणीस. प्रदर्शनात प्रत्येक इंजिनासमोर वाकून, दाढ तपासावी तसे तपासत आणि विचारत, "पुरावा?" मागच्या वर्षी एका सभासदाने पुढचा दिवा अंदाजाने बसवला होता. डॉक्टरांनी "पुरावा?" विचारल्यावर त्या माणसाने इंजिनं सोडून मासे पाळायला घेतले. यंदा तर डॉक्टर स्वतः तेच इंजिन करत होते, जे चष्मेवाले करत होते.

तेव्हा चष्मेवाले दुकान थोडा वेळ बंद करून कार्यालयाच्या आवारात गेले.

तिथला वॉचमन म्हातारा, स्वभावाने गरीब. खुर्चीत बसल्या बसल्या फाटकाकडे बघणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा.

"जरा त्या बाजूला बघून येऊ का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तिकडे काही नाही, शेठ. भिंत आहे."

"तेच बघायचंय."

वॉचमनला अशा उत्तराची सवय नसावी. पण माणूस सभ्य दिसतोय, चष्माही लावलाय, म्हणून त्याने मान हलवली. चष्मेवाले पोट आत ओढून फटीत शिरले. तिथे अंधार, जाळी आणि फार जुना वास होता. चाचपत चाचपत ते बॉयलरच्या मध्यावर आले, आणि त्यांचा हात एका जाड लोखंडी पट्टीला लागला. पट्टीला चार भोकं होती. भोकांवर काहीच नव्हतं.

म्हणजे इथे काहीतरी होतं. आता नाही.

या शोधाचा आनंद त्यांना जेमतेम एक श्वासभर झाला, कारण तो श्वास त्यांनी पूर्ण आत घेतला आणि पोट भिंत आणि इंजिन यांच्यात पक्कं बसलं. हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "अहो, जरा येता का?" वॉचमनने हाताला धरून त्यांना खेचून काढलं, अंगावरची जाळी झटकली, बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि पाणी दिलं. जरासुद्धा हसला नाही. हे पुढे चष्मेवाल्यांच्या मनाला फार लागलं.

घरी मेहुणा आला होता. हा बायकोचा धाकटा भाऊ सरकारी खात्यात थोडे दिवस हंगामी नोकरीला होता, आणि तेव्हापासून सरकारी कागद कसा लिहायचा हे जगात आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत होती. तिथे कोणता भाग होता हे विचारायला चष्मेवाल्यांनी रेल्वेच्या कार्यालयाला एक साधं पत्र लिहिलं होतं. मेहुण्याने ते वाचलं आणि दया आल्यासारखा चेहरा केला.

"भावोजी, हे असं लिहिलंत तर कचऱ्यात जाईल. कृपया, उत्सुकता, छंद, असले शब्द बघितले की तिथले लोक कागद उलटा करून त्यावर बेरजा करतात. द्या इकडे."

त्याने लिहिलेलं पत्र खरोखर भारदस्त होतं. चष्मेवाल्यांना त्यातलं निम्मं कळलं नाही, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला. त्यातलं एक वाक्य असं होतं: "सदर इंजिनाच्या डाव्या अंगाचा भाग जागेवर आढळून येत नसून त्याबाबत तातडीने खुलासा व्हावा."

"खुलासा जरा जास्त होत नाही का?" त्यांनी विचारलं.

"खुलासा मागितल्याशिवाय ते माहिती देत नाहीत," मेहुणा म्हणाला.

आणि खरंच, उत्तर आलं. कधी नव्हे इतकं लवकर आलं. "आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने" असं ते सुरू होत होतं. इंजिनाचा भाग चोरीस गेल्याची गंभीर दखल घेण्यात आली असून आवाराच्या पहाऱ्यास जबाबदार कर्मचाऱ्याची चौकशी सुरू करण्यात आली आहे, तरी तक्रारदाराने जबाब देण्यासाठी हजर राहावं, असं त्यात होतं.

चष्मेवाल्यांनी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले. चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा वाचलं. काच स्वच्छ झाल्याने मजकूर अधिकच वाईट दिसला.

"मी कुठे तक्रार केली? मी विचारलं फक्त."

बायको म्हणाली, "तुम्ही कुठलीही गोष्ट विचारता ना, ती तक्रारीसारखीच वाटते. मला इतकी वर्षं सवय झालीय. त्यांना नाही."

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नव्हता. "चोरी पकडलीत म्हणे. बरं केलंत. असल्या लोकांना सोडू नये." चष्मेवाल्यांच्या तोंडून "अहो तसं नाही" एवढंच निघालं, पण तोवर काकू पुढच्या मजल्यावर सांगायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात वॉचमन आला. तो चिडला असता, ओरडला असता, तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. तो काउंटरपाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"शेठ, मी काही नेलं नाही."

"मला ठाऊक आहे हो."

"थोड्या दिवसांत मी रिटायर होतोय. आता म्हणतात चौकशी संपेपर्यंत पेन्शनचे कागद थांबतील. मी आलो तेव्हापासून त्या बाजूला गेलोच नाही. तिकडे काय आहे, काय नाही, मला कसं कळणार? मी फाटकाकडे बघत बसायचो." जरा थांबून तो म्हणाला, "तुम्हाला तरी मी कशाला आत सोडलं?"

हे शेवटचं त्याने रागाने म्हटलं नाही. स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं. चष्मेवाल्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपण हे फक्त त्याचं परत करतोय हे लक्षात येऊन त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते त्याच पावली रेल्वेच्या कार्यालयात तक्रार मागे घ्यायला गेले. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की तक्रार तक्रारदारच मागे घेऊ शकतो. "मीच तो," चष्मेवाले म्हणाले. मग बाईंनी कागद पाहिला. "पण तुमचा अर्ज माहितीच्या विभागात आलाय. तो तक्रार नाहीच. मग मागे काय घेणार?"

"मग चौकशी कशी चालू आहे?"

"चौकशी तक्रारीवर चालू आहे."

"ती कुणाची?"

"तुमची."

आधी नवी तक्रार नोंदवा, मग ती मागे घ्या, म्हणजे जुनी आपोआप हलकी होईल, असा मार्ग दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी सुचवला. चष्मेवाल्यांना त्या मार्गाच्या टोकाशी आणखी एक वॉचमन दिसू लागला, आणि ते घरी आले.

मेहुणा म्हणाला, "सरळ उपाय आहे. तिथे कधी काही नव्हतंच, असं सिद्ध करा. चोरी होणार कशी? आणा पुरावा."

पुरावा. हा शब्द ऐकताच चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे दातांचे डॉक्टर उभे राहिले. डॉक्टरांकडे डाव्या बाजूचा एक जुना फोटो आहे अशी मंडळात कुजबुज होती. प्रदर्शनापर्यंत डॉक्टर तो कुणाला दाखवणार नव्हते. पण त्या फोटोत ती जागा रिकामी असली, तर सगळा गुंता सुटत होता.

डॉक्टरांना गाठायचं तर नंबर लावावा लागे, आणि नंबर लावला की खुर्चीत झोपावं लागे. चष्मेवाले झोपले. वरचा दिवा डोळ्यांवर आला.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. "हं. कुठे दुखतंय?"

"उखत आही," चष्मेवाले म्हणाले. "ओटो आहायचाय."

"काय?"

"ओटो. आवी आजू."

डॉक्टरांनी हात थांबवला. आरसा बाहेर काढला. "फोटो? डावी बाजू?" त्यांच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग हळूहळू अभिमान. ज्या माणसाकडे एक अमूल्य वस्तू आहे आणि ती दाखवायला कुणी नाही, त्याला फार काळ कडक राहता येत नाही. त्यांनी दार लोटलं, कपाटातून पाकीट काढलं आणि खुर्चीतल्या पेशंटच्या छातीवर, रुमालावर ठेवलं.

तेच इंजिन. नंबर स्पष्ट. डावी बाजू लख्ख उन्हात. आणि बॉयलरच्या मध्यावर, त्याच पट्टीवर, चार बोल्टांनी घट्ट बसवलेला ब्रेकचा पंप. चांगला मोठा, पिंपासारखा. हवा दाबून ब्रेकला पुरवतो तो. त्याच्यावरचा प्रत्येक नट मोजता येत होता.

"आहे की नाही?" डॉक्टर म्हणाले.

"आहे," चष्मेवाले क्षीण आवाजात म्हणाले. आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध झाल्याचं त्यांना दुःख झालं.

"आलाच आहात तर ती मागची दाढ भरून टाकू," डॉक्टर म्हणाले, आणि भरलीही.

जबाबाच्या दिवशी चष्मेवाल्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. दाढही ठणकत होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे तत्त्व म्हणून नव्हे, जमतच नसे. कान लाल व्हायचे. बायकोने निघताना एवढंच सांगितलं, "विचारतील तेवढंच बोला. जास्तीची माहिती देऊ नका. तुमचं सगळं जास्तीच्या माहितीनेच बिघडतं."

मोठ्या साहेबांची खोली त्याच भिंतीच्या आत होती. साहेब स्वच्छ, टापटीप, घाईत असलेले. शेजारी लिहायला एक कारकून. दाराबाहेर बाकावर वॉचमन इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"तेव्हा त्या जागी काय होतं?"

"काही नव्हतं."

"लिहा. काही नव्हतं. आणि त्याआधी?"

"त्याआधी मी कधी आत शिरलो नव्हतो."

"म्हणजे त्याआधी काही असल्याचं तुम्ही पाहिलेलं नाही."

"मी पाहिलेलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. फोटोत पाहणं वेगळं. तरी चष्मेवाल्यांचे कान तापू लागले.

"लिहा. आधीही काही नव्हतं." साहेबांना हे प्रकरण संपवायचं होतं हे आता चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं. चोरी झाली म्हटलं की वर कळवावं लागतं, आणि वर कळवलं की वरून विचारतात की इतकी वर्षं तुम्ही काय करत होता. थोडा धीर आला. तेवढ्यात कारकुनाने मान वर केली.

"साहेब, मग ती चार भोकं कशाला?"

पंखा फिरत होता. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे तो प्रश्न कुणी विचारला आणि आपण गप्प बसलो, असं चष्मेवाल्यांच्या हातून कधीच झालं नव्हतं. त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"ती ना, हवे..." ते म्हणाले, आणि पुढचा पंप त्यांनी दाढेसकट दाबून धरला. कळ मस्तकात गेली. डोळ्यांत पाणी आलं.

"हवेसाठी?" साहेब म्हणाले.

चष्मेवाल्यांनी गाल धरला होता. मान हलली ती ठणक्याने.

"बरोबर. लिहा. सदर भोकं मूळचीच असून हवा खेळती राहावी यासाठी ठेवण्यात आली आहेत. कोणताही भाग गहाळ नाही. करा सही."

बाहेर आल्यावर वॉचमन उठून उभा राहिला. चष्मेवाले त्याला म्हणाले, "झालं. घरी जा." तो त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला, मग त्याला आठवलं की आपली ड्यूटी तिथेच आहे, आणि तो खुर्चीत बसला.

आता कुणालाही वाटेल की संपलं. चष्मेवाल्यांनाही आठवडाभर तसं वाटलं. इंजिनावर त्यांनी चार भोकांची पट्टी झाळ देऊन बसवली, पंप लावला नाही. डावी बाजू अपुरी राहणार, मार्क जाणार, ते त्यांनी मनाशी मान्य केलं. मग प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका आली. प्रमुख पाहुणे म्हणून मंडळाने रेल्वेच्या मोठ्या साहेबांना बोलावलं होतं.

चष्मेवाल्यांच्या इंजिनाला पंप नव्हता. डॉक्टरांच्या होता. नुसता नव्हता, मागे तो फोटो टेबलाएवढा मोठा करून लावलेला असणार होता. ज्या साहेबांनी "कोणताही भाग गहाळ नाही" असं लिहून दिलंय, ते साहेब त्या फोटोसमोर उभे राहणार, आणि डॉक्टर त्यांना छडीने पंप दाखवणार. पुढचं चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर रोज जेवताना दिसू लागलं.

डॉक्टरांना आधी सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी झाली, कारण आणखी पुढे ढकलायला दिवसच उरला नव्हता. सभागृहात टेबलं मांडली होती. कुणाची आगबोट, कुणाची ट्राम, कुणाचा पूल. त्यात भर म्हणून बायकोने वॉचमनला आणि त्याच्या घरच्यांना प्रदर्शन बघायला बोलावलं होतं. "बिचाऱ्याचा जीव रमेल," ती म्हणाली होती. तो दाराशी उभा होता, तोच इस्त्रीचा शर्ट घालून.

चष्मेवाल्यांनी डॉक्टरांना कोपऱ्यात ओढलं आणि सगळं सांगितलं. फट, पत्र, खुलासा, जबाब, हवा. डॉक्टर ऐकत होते तसतशा त्यांच्या भुवया वर जात होत्या.

"म्हणजे तुम्ही लेखी दिलंत की तिथे पंप नव्हता?"

"मी पाहिला नाही, असं दिलं. नव्हता हे त्यांनी लिहिलं."

"आणि भोकं हवेसाठी?" डॉक्टरांना हे जास्त लागलं होतं. "बॉयलरवरच्या पट्टीला हवा कशाला लागेल?"

"डॉक्टर, हळू बोला. तो बघा, दाराशी उभा आहे. पेन्शनचे कागद अजून सही व्हायचेत."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वॉचमन एका छोट्या पुलापुढे वाकून आपल्या बायकोला काहीतरी दाखवत होता, हात पाठीमागे बांधून, चुकून कशाला लागू नये म्हणून. चष्मेवाले "पुरावा?" या शब्दाची वाट बघत उभे होते. तो आला नाही. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि टाळ्या.

डॉक्टर आपल्या टेबलाशी गेले. मागचा फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला, गुंडाळला आणि टेबलाखाली सारला. मग खिशातून चिमटा काढला. दोन वर्षं खपून केलेल्या त्या पंपाला त्यांनी चिमट्यात धरलं, एकदा डावीकडे हलवलं, एकदा उजवीकडे, आणि मुळासकट उपटलं; खाली चार भोकं उघडी पडली. हात डॉक्टरांचाच होता. चेहरा मात्र पेशंटसारखा झाला होता. पंप रुमालात ठेवून त्यांनी तो वरच्या खिशात घातला.

साहेब फिरत फिरत आले. दोन सारखीच इंजिनं बघून थांबले, वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा. ही भोकं. हे आमचंच इंजिन." त्यांनी मागून येणाऱ्या लोकांना हाताने जवळ बोलावलं. "ही चार भोकं बघा. पुष्कळ लोकांना वाटतं की इथे काहीतरी होतं आणि ते गेलं. मध्यंतरी आम्ही याची सखोल चौकशी केली. ही मूळचीच आहेत. हवा खेळती राहण्यासाठी. जुन्या लोकांनी किती विचार करून ठेवलीत." मग ते दोघांकडे वळले. "आणि तुम्ही दोघांनीही ती अचूक दाखवलीत. असा अभ्यास हवा. बरोबर ना, डॉक्टर?"

सभागृह डॉक्टरांकडे बघत होतं. चष्मेवाल्यांनी टेबलाखाली त्यांच्या बुटावर आपला बूट ठेवला आणि दाबला.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. हात वरच्या खिशावर ठेवून, एकेक शब्द तपासून घेत ते म्हणाले, "त्या जागेचा हवेशी संबंध आहे, हे मी नक्की सांगू शकतो."

साहेब खुश झाले. बक्षीस आगबोटीला मिळालं. परीक्षकांनी दोघांच्याही कागदावर 'डावी बाजू: अभ्यास कमी' असा शेरा मारला होता, आणि दोघांनीही तो खाली मान घालून घेतला.

लोक पांगल्यावर वॉचमन जवळ आला. दोन्ही इंजिनांकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, एवढी वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो. हवेचं मला आज कळलं. मग गाडी चालताना त्या भोकांतून हवा आत जायची की बाहेर?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्याला बसायला दिली, आणि स्वतःही शेजारी बसले.

"हे सगळं नीट सांगायला वेळ लागेल," ते म्हणाले. "तुम्ही रिटायर झालात की दवाखान्यात या. तेव्हा दाखवतो."